‘लोहकंठ’ कसं निघालं

सिंधुबाईंविषयी चार पानं लिहावीत असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहिण्याची सवय नाही. पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं काढली. तिथं जे लिहिलं ते दुसऱ्याच्या सहीनं गेलं. तेव्हा इथं काही पुढंमागं झालं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

हिरावाडीत आमच्या वसाहतीचं समाजमंदिर आहे. त्याच्या ओट्यावर सिंधुबाई फुलं विकायला बसत. मखमलाबादच्या अलीकडे त्यांचा अर्धा एकर होता. नवरा, गेणू, झेंडू आणि शेवंती लावायचा. बाई सकाळी सहाला झिपरूच्या टेम्पोत पाट्या ठेवून निघायच्या आणि साडेसहाला ओट्यावर असायच्या. झिपरू हरसूलकडचा. इकडचा भाजीपाला मार्केटला नेणं हा त्याचा धंदा. बाईंना सोडायला थांबला की दहा मिनिटं तोही ओट्यावर टेकायचा.

पुड्या बांधायला बाई रद्दी घेत. १९९३ साली अशा एका गठ्ठ्यात वीस-बावीस हिंदी कॉमिक्स आली. बाईंचं शिक्षण दुसरीपर्यंत. छापील अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण हिंदी त्यांना नको वाटे. त्यांनी वरच्याच पुस्तकाची मागची चार पानं फाडून त्यात शेवंती बांधली. पाचवं फाडणार तेवढ्यात पूजा नावाची एक दहा वर्षांची मुलगी फुलं घ्यायला आली. तिनं गठ्ठ्यातलं पुस्तक उचललं, तिथंच ओट्यावर बसली आणि घरून हाक येईपर्यंत उठली नाही.

“घरी नेऊ का, मावशी? उद्या आणून देते.”

“ने. पण फाडायचं नाय.”

“तुम्हीच फाडलंय की.”

बाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. त्या दिवसापासून पुड्या वर्तमानपत्रात बांधल्या जाऊ लागल्या आणि फुलांच्या पाट्यांशेजारी कॉमिक्सची एक पाटी आली. दिवसाला आठ आणे. पुढं बाई स्वतः रविवारी जाऊन रद्दीवाल्याकडून निवडून आणू लागल्या.

त्यांचा एक नियम होता. पुस्तक परत आणणाऱ्याला त्या विचारत, “कसं निघालं?” टरबूज विकणारा दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला विचारतो तसं. उत्तर दिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नसे. नुसतं “चांगलं होतं” म्हटलेलं चालत नसे. “चांगलं म्हंजे? गोड निघालं का पाणचट निघालं?” मुलं हसायची, मग सांगायची.

मी ब्याण्णव साली निवृत्त झालो होतो. सकाळी देवाची फुलं घ्यायची आणि ओट्यावरच्या बाकावर पेपर वाचायचा, हा माझा क्रम. मला फारसं कुणाशी बोलता येत नाही. बाईंना तो अडथळा वाटला नाही. एके दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणि पेन्सिल माझ्या मांडीवर ठेवली.

“भाऊसाहेब, हे पोरं बोलतात ते लिवून ठेवा. मला कुठवर ध्यानात राहील? नवं गिऱ्हाईक इचारतं कोणतं चांगलं, मग मी काय सांगू?”

मी मान डोलावली.

“आन् एक. जसं बोललं तसंच लिवायचं. कांदा सोलून देऊ नका.”

त्याप्रमाणे मी लिहीत गेलो. मुलं भरभर बोलायची. मी ऑफिसात लागलेल्या सवयीनं शब्दांच्या शेपट्या तोडून लिहायचो. ते अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नसे. नवं कुणी आलं की बाई पाटीतलं पुस्तक वर धरत आणि म्हणत, “वाचा ह्याचं.” मी त्या पुस्तकाचं पान काढून वाचून दाखवी. पुस्तक जायचं ते त्या बोलण्यावर.

सगळ्यात जास्त मतं पडली ती ‘लोहकंठ’वर. बाईंनी पहिल्या दिवशी मागची चार पानं फाडली होती ते हेच पुस्तक. लोहकंठ हा दुसऱ्या ग्रहावरचा एक दुष्ट शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेच्या आगीत त्याचा गळा जळतो, तो लोखंडी गळा बसवून घेतो, आणि त्याच्या खरखरत्या आवाजाला लोक हसतात. मग तो पृथ्वीवर एक यंत्र घेऊन येतो. यंत्र चालू झालं की माणसाचा आवाज ओढला जातो आणि त्याच्या तोंडून लोहकंठाचा आवाज निघू लागतो. शहरंच्या शहरं त्याच्या आवाजात बोलू लागतात. इथवर पुस्तक आहे. पुढं काय झालं ते शेवंतीबरोबर कुणाच्या तरी देवघरात गेलं. बाईंना ही गोष्ट कायम लागून राहिली. त्या प्रत्येक वाचकाला आधीच सांगत, “शेवट नाय बरं का. तुमचा तुम्ही लावा.”

त्यामुळे प्रत्येक जण शेवटाविषयी बोलायचा. पूजा म्हणाली होती, “तो हरणार नाही. हरवायचं तर कुणीतरी ओरडलं पाहिजे, आणि ओरडायला आवाज कुणाकडे आहे?” लंकाबाई म्हणून एक आजी होत्या, त्यांना नातू वाचून दाखवायचा. त्यांचं म्हणणं, “त्याच्या आईचं कुठंच काही लिहिलं नाही. आई असती तर त्याच्या आवाजाला हसली नसती.” झिपरू अक्षरं लावत तीन आठवडे वाचत होता. तो म्हणाला, “येडाय तो. येवढा लोखंडी गळा, त्यातून भात कसा जातो ते कुठंच दाखवलं नाय. मला तर तो उपाशीच वाटतो. उपाशी माणूस असाच चिडतो.” सातवीतल्या राजनं सांगितलं होतं, “प्रतिभा मॅडमपेक्षा लोहकंठ बरा. तो फक्त आवाज घेतो, रविवारचा गृहपाठ देत नाही.” बाईंचं स्वतःचंही मत वहीत होतं: “देईल परत. इतके आवाज ठेवायला त्याच्याकडं जागा कुठाय?”

त्या मला अधूनमधून विचारत, “भाऊसाहेब, तुमचं काय?” मी हसून वेळ मारून नेई. खरं म्हणजे मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. मुलांच्या पुस्तकात माझ्यासारख्यानं काय वाचायचं, असं वाटे.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत प्रतिभा मॅडमचा मुलगा योगेश दोन दिवस बोलला नाही. मुलगा आठ वर्षांचा. जेवायचा, शाळेत जायचा, पण तोंडातून शब्द नाही. मॅडम शाळेत मराठी शिकवायच्या, स्वभावानं शिस्तीच्या, पण त्या फार घाबरल्या. डॉक्टरला दाखवलं. त्यांना गळ्यात काही सापडलं नाही. मग मुलाच्या उशाखाली ‘लोहकंठ’ सापडलं. तिसऱ्या दिवशी योगेश आपोआप बोलू लागला, पण का गप्प होता ते घरात त्यानं सांगितलं नाही.

मॅडमनी वसाहतीच्या मंडळाकडे लेखी तक्रार केली. मंडळाचे अध्यक्ष कारभारी काकड. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते ओट्यावर आले आणि बाईंना म्हणाले, “सिंधुबाई, प्रकरण वाढलंय. काही सभासद म्हणतात पुस्तकं बंद करा, काही म्हणतात ओटाच सोडायला लावा. मला एकतर्फी काही करायचं नाही. रविवारी दहाला सभा आहे. तुम्ही ती मतांची वही ठेवता म्हणे, ती आणा. लोक या पुस्तकांबद्दल काय म्हणतात ते वाचू आणि ठरवू.”

ओटा गेला तर रस्त्यावर बसावं लागलं असतं. रस्त्यावर ऊन होतं आणि महापालिकेची गाडी पाट्या उचलून न्यायची. आधी दोन वर्षं बाई तशा बसल्या होत्या आणि दोनदा पाट्या गेल्या होत्या. तरी त्यांना फारशी काळजी दिसली नाही.

“वहीत हाय ना सगळं,” त्या मला म्हणाल्या. “योगेश पुस्तक द्यायला आला तवा काय म्हणला ते लिवलंय तुम्ही. मी तोंडानं सांगितलं तर मॅडम म्हणतील बाई आपली बाजू मांडती. वहीतलं कोण खोटं म्हणंल?”

मी वही घरी नेली. शनिवारी दुपारी चाळू लागलो आणि मला कसंसंच झालं. पानांना फुलांच्या पाण्याचे डाग. अक्षर लागत नाही. “येडाय तो.” “प्रतिभा मॅडमपेक्षा बरा.” सभेसमोर हे ठेवायचं? खात्यात कच्चा मसुदा साहेबांपुढं कधी जात नसे. आधी पक्की प्रत करायची, ही तीस वर्षांची सवय. मी नवीन फुलस्केप कागद आणले, शाईचं पेन घेतलं आणि ‘लोहकंठ’वरच्या बत्तीस मतांची पक्की प्रत केली. संध्याकाळपर्यंत झाली. झिपरूच्या मताचं असं केलं: “खलनायकाच्या दैनंदिन जीवनाचे चित्रण अपुरे असल्याचे वाचकाचे मत आहे.” लंकाबाईंचं: “कौटुंबिक पार्श्वभूमीचा अभाव जाणवतो.” राजचं गाळलं. योगेशचं लहान मुलाचं खासगी बोलणं, ते चारचौघांत नको असं वाटलं, म्हणून लिहिलं: “एका बालवाचकास प्रस्तुत कथेचा परिणाम दीर्घकाळ जाणवला.”

मला ते चांगलं जमलं असं वाटलं. बाईंना मी सकाळी सभेच्या दारातच कागद दिले. त्यांनी उलटसुलट करून बघितले. “वही कुठाय?”

“घरी आहे. हे त्याचंच आहे, स्वच्छ करून.”

त्यांना काही म्हणायचं होतं, पण आतून हाक आली.

सभेला पंचवीसेक माणसं होती. खिडकीशी मुलं उभी होती. योगेशला मॅडमनी आणलं नव्हतं. अण्णांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. पहिल्या चार-पाच मतांना लोकांनी माना डोलावल्या. मग माना थांबल्या. अण्णांनी दोन पानं उलटली, परत मागं आले.

“पूजा, इकडे ये बाळ,” ते समासातल्या नावांवर हात ठेवून म्हणाले. “यात तुझं मत कोणतं?”

पूजानं कागद वाचले. “माहीत नाही.”

“आठव.”

“माझं यात नाहीये, अण्णा.”

झिपरू दाराशी उभा होता. अण्णांनी त्याच्या नावासमोरचं वाचून दाखवलं. तो इकडंतिकडं बघू लागला. “हे मी म्हणालो? मला तर ह्यातलं निम्मं समजलं पण नाय.”

लोक हसले. अण्णा हसले नाहीत. “एकतीस माणसं,” ते म्हणाले, “आणि सगळी एकाच माणसासारखी बोलतात. सिंधुबाई, हे कुणाकडून लिहून आणलंत?”

तोवर प्रतिभा मॅडमनी कागद मागून घेतले होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “‘दीर्घकाळ परिणाम जाणवला.’ हे माझ्या मुलाचं आहे ना? म्हणजे यांना ठाऊक होतं.”

“तसं नाय म्हणला तो, मॅडम,” बाई उठून म्हणाल्या. “तो म्हणला—”

“लेखी आणलंत ते ऐकलं. आता तोंडी नको,” मॅडमनी मधेच तोडलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर होतो. मी उठून एक वाक्य बोलायचं होतं. हे मी लिहिलं, खरी वही घरी आहे, एवढंच. मी उठलो नाही. मी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिलो. अण्णांनी दोन मिनिटं वाट पाहिली असेल. मग त्यांनी ठरलं ते सांगितलं: पुस्तकांचं एक वेळ चाललं असतं, पण सभेपुढं बनावट कागद आणले ते बरं नाही. बाईंनी पाडव्याच्या आत ओटा रिकामा करावा.

बाई बाहेर गेल्या आणि कॉमिक्सची पाटी ओल्या फडक्यानं झाकली.

दुसऱ्या दिवशी मी फुलं आणायला गेलो नाही. नऊच्या सुमारास बाई आमच्या दारात आल्या. हातात रोजची पुडी होती.

“देवाला फुलं नकोत का आज?”

मी पुडी घेतली.

“वही द्या माझी.”

मी वही आणून दिली. त्यांनी पानं उलटली, एका पानावर बोट फिरवून अक्षर लावून बघितलं, आणि वही परत माझ्या हातात ठेवली. “हे तुमच्याबिगर कुणाला लागंना. चपला घाला.”

“कुठं?”

“मॅडमकडं.”

वाटेत मी म्हटलं की मी चुकलो. त्या चालत राहिल्या. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, “तुम्ही तर लोहकंठच निघाले, भाऊसाहेब.”

मला ते कळलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्या थांबल्या. “वाचलं नाय का तुम्ही?”

“नाही.”

“तीन वर्षं सगळ्यांची मतं लिवता, आन् पुस्तक वाचलं नाय.” त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. पेंढी सोडल्यावर आत किडकी शेवंती निघावी तसं पाहून म्हणाल्या.

मॅडमची शाळा दुपारची होती. त्यांनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. बाई म्हणाल्या, “दोन मिन्टं. भाऊसाहेबांना वाचायचंय. कालचं ह्यांनी सोलून दिलतं. हे सालीसकट हाय.”

मी पान काढलं. माझा आवाज आधी निघेना. एकदा खाकरलो, दोनदा खाकरलो. मॅडम दाराला हात लावून उभ्या होत्या. मग मी वाचलं. ते असं होतं:

“योगेश. वय आठ. लय भारी पण भीती वाटली. मी दोन दिवस बोललो नाही. कारण मी बोललो आणि माझ्या तोंडून लोहकंठाचा आवाज आला तर आई घाबरेल. म्हणून आधी इथं येऊन मावशीशी बोलून बघितलं. माझाच आवाज आला. आता घरी बोलतो.”

“परत वाचा,” मॅडम म्हणाल्या.

मी परत वाचलं. एकदा आवाज फुटल्यावर मला थांबायचं कुठं ते कळलं नाही आणि मी खालचंही वाचून गेलो. ते राजचं होतं, गृहपाठाचं. नाव तेवढं वाचलं नव्हतं. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

“हे कोण म्हणालं?” मॅडमनी विचारलं.

“नाव पुसट झालंय,” बाई पटकन म्हणाल्या.

“सातवी ‘ब’ मधला असणार. त्याची वही बघते मी,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं. “आत या. चहा टाकते.”

संध्याकाळी त्या स्वतः अण्णांकडे गेल्या आणि तक्रार मागं घेतली. अण्णा ओट्यावर आले, बाकावर बसले, आणि मला वही वाचायला लावली. बत्तीसच्या बत्तीस. झिपरूचं आलं तेव्हा ते म्हणाले, “हां, हा झिपरू.” लंकाबाईंचं आलं तेव्हा ते नुसतेच बसून राहिले. अण्णांची आई आदल्या वर्षी गेली होती. ठराव फिरवला गेला. नवा ठराव लिहायला मात्र त्यांनी मला सांगितलं नाही, मंडळाच्या खजिनदाराला सांगितलं. ते योग्यच होतं.

मी ‘लोहकंठ’ घरी नेलं आणि वाचलं. बाईंना आठ आणे दिले. त्यांनी घेतले. “कसं निघालं?” असं त्यांनी विचारलं नाही, आणि मला त्याचं थोडं वाईट वाटलं.

पुढं आठ वर्षं बाई त्या ओट्यावर होत्या. मुलं हळूहळू कमी झाली. घरोघरी केबल आलं, मग कोपऱ्यावर कॉम्प्युटरचं दुकान निघालं. २००३च्या सिंहस्थापर्यंत पाटीतली पुस्तकं घ्यायला दोघं-तिघंच येत. त्यात झिपरू एक. योगेश उंच झाला, त्याचा आवाज फुटला, तेव्हा बाई त्याला म्हणाल्या होत्या, “आता खरंच आलाय बघ तुझ्या तोंडून लोहकंठ.” तो लाजून निघून गेला. २००४ साली गेणू गेला. मुलगी मनीषा सायखेड्याला दिलेली होती, तिनं आईला तिकडं नेलं. जाताना बाईंनी कॉमिक्स ज्यानं त्यानं उचलावीत म्हणून ओट्यावर मांडून ठेवली. ‘लोहकंठ’ पूजानं घेतलं. ती तेव्हा नोकरीला लागली होती. वही त्यांनी मला दिली.

त्यानंतर त्या मला दोनदा भेटल्या. दुसऱ्यांदा भेटल्या तेव्हा त्यांना कमी ऐकू येत होतं आणि मला मोठ्यानं बोलावं लागलं. आता त्या नाहीत.

हे लिहायला बसलो तेव्हा वही काढली. ‘लोहकंठ’ची पानं मी पूर्वी कितीदा तरी वाचून दाखवली होती, पण सहा-सात मतांपलीकडं कुणी ऐकत नसे आणि अण्णांना ऐकवल्यानंतर त्यावर नवं मतही पडलं नाही, त्यामुळे पुन्हा शेवटच्या पानापर्यंत जायची वेळ आली नाही. तिथं तेहतिसावं मत आहे. माझं अक्षर नाही. पेन्सिल जोरात दाबून, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलेलं आहे. खाली तारीख आहे, आम्ही मॅडमकडे गेलो त्या सोमवारची. मी ते आहे तसं उतरवतो:

“सिंधुबाई. शेवट सापडला. लोहकंठानं दुसऱ्या दिवशी आवाज परत दिले.”